आधी पाचवं वचन वाच

“प्रिय बाई, सलाम.

मी २९ वर्षांचा आहे, राहुरी तालुक्यातल्या एका गावचा. बी.ए. झाल्यावर राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्याला गेलो. सहा वर्षं पेठेतल्या एका खोलीत कॉट घेऊन राहिलो. आधी पूर्व परीक्षेतच अडकायचो, मग मुख्यला राहिलो, आणि या वेळी मुलाखतीपर्यंत पोचलो. शिफारस यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. अगदी थोडक्या गुणांनी गेलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. त्यांच्या फंडातला बराच पैसा माझ्यावर खर्च झाला. आई इतकी वर्षं दर शुक्रवारी माझ्यासाठी उपास करते. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, माझं नाव घेऊन प्रार्थना व्हायची. गेल्या वर्षी संजीवन सभेला आलेल्या एका प्रचारकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं, ‘या वर्षी प्रभू दार उघडणार, पोस्ट निघणार.’ त्यांनी बायबलमधलं यिर्मया २९:११ हे वचन दिलं, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत असं सांगणारं. आईने त्या वचनाचं कॅलेंडर समोरच्या भिंतीवर लावलंय.

निकालानंतर मी उपासनेला गेलेलो नाही. आईला काही जणींनी सांगितलं, पोराचा विश्वास कमी पडला, नाहीतर काहीतरी लपवलेलं पाप असेल. तालुक्याच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवायला तात्पुरत्या जागेवर बोलावलंय. पगार बेताचाच. ती नोकरी धरली तर देवाच्या वचनावरचा विश्वास सोडल्यासारखं होईल असं वाटतं. न धरावी तर वडिलांच्या नजरेला नजर देता येत नाही. बाई, देवाने मला फसवलं का? आणि मी आता पुन्हा उभा कसा राहू?”

(पत्र मोठं आहे, त्यातला काही भाग आणि नाव-गाव इथे गाळलं आहे.)

प्रिय मुला, सलाम.

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही. देवाने तुला फसवलेलं नाही. त्याने न दिलेला शब्द कुणीतरी त्याच्या नावावर तुला दिला आणि तू सरळ मनाने तो धरून बसलास. यात तुझा दोष नाही, तुझ्या आईचा तर नाहीच नाही.

आता पवित्र शास्त्र उघड आणि यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय पहिल्या वचनापासून वाच. आपल्याकडे अकरावं वचन पाठ नाही असं घर सापडणार नाही. लग्नपत्रिकेवर, रिक्षाच्या मागे, दहावीच्या मुलांच्या निरोप समारंभात ते असतंच. पहिली दहा वचनं मात्र फार थोड्यांनी शांतपणे वाचलेली असतात, आणि तुला आज ज्याची गरज आहे ते नेमकं तिथे आहे.

ते यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेलं एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नबुखद्रेस्सर राजाने यरुशलेम घेतलं. राजा, राजमाता, दरबारी, सुतार, लोहार, जे जे कामाचे होते त्यांना उचलून शेकडो कोस दूर नेलं. ही माणसं परक्या मुलखात बसून होती आणि आज-उद्या परत जायचं या आशेवर होती. घर कशाला बांधायचं, परत तर जायचंच आहे. याच सुमारास यरुशलेमात हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात उभा राहिला आणि सगळ्या लोकांदेखत म्हणाला, दोन वर्षांत सगळं परत येणार, राजाही येणार आणि मंदिरातली पात्रंही येणार. बाबेलच्या जुवाखाली राहावं लागणार याची खूण म्हणून यिर्मया तेव्हा मानेवर लाकडी जू घालून फिरत असे. हनन्याने ते जू काढून मोडून टाकलं. गर्दीला किती बरं वाटलं असेल बघ. अशा वेळी यिर्मया काय म्हणाला ते अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. तो म्हणाला, आमेन, परमेश्वर तसं करो. त्यालाही तसंच हवं होतं. पण ते खरं नव्हतं, आणि पुढे त्याने हनन्याला तोंडावर सांगितलं की तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलंस.

त्या प्रचारकांच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण वर्ष आणि पोस्ट सांगून कुणाच्या डोक्यावर हात ठेवणं ही मोठ्या जोखमीची गोष्ट आहे. ते दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जातात. निकालाच्या दिवशी स्क्रीनसमोर तो पोरगा एकटा असतो आणि स्वयंपाकघरात त्याची आई असते. माझ्या पाळक बंधूंना मी हात जोडून विनंती करते, अशा घोषणा आपल्या व्यासपीठावरून होऊ देऊ नका.

तर अशा माणसांना यिर्मयाने जे पत्र पाठवलं त्यात काय लिहिलं? पाचवं वचन आधी वाच. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. सहावं वचन, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, तिथे कमी होऊ नका. सातवं, ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याच्या भल्यासाठी झटा आणि त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. ज्यांनी यांचं घरदार हिसकावलं त्यांच्याच नगरासाठी प्रार्थना करायला सांगतोय तो! मग दहाव्या वचनात मुदत येते, सत्तर वर्षं. त्या दिवशी तिशीत असलेला माणूस ही सत्तर वर्षं संपेपर्यंत जगणार नव्हता. आणि इतकं सगळं सांगून झाल्यावर अकराव्यात देव म्हणतो की माझे तुमच्याविषयीचे ‘संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत’.

हे वचन ज्यांना मिळालं त्यांचं हरवलेलं त्यांच्या हयातीत परत मिळणार नव्हतं. तरी देव त्यांना म्हणाला की माझं मन तुमच्याविषयी चांगलं आहे, आणि तुम्ही जिथे आहात तिथे माती उकरा, बी टाका. ते कॅलेंडर भिंतीवरून काढू नकोस. फक्त पेन घेऊन त्याच्या कोपऱ्यात ‘आधी वचनं ५ ते ७’ एवढं लिही.

म्हणून ती शाळेची नोकरी घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. तू ज्या वचनाला धरून होतास त्यानेच सांगितलेलं काम आहे ते. नोकरी घे.

पण मुला, त्या आधी एक करायचं राहिलंय. तू अजून रडला नाहीस. तुझ्या चार पानी पत्रात वडिलांचं दुःख आहे, आईचं आहे, लोक काय म्हणाले ते आहे. निकालाच्या दिवशी तुला काय वाटलं यावर एक ओळ नाही. यादीत नाव नाही हे दिसल्यावर तू काय केलंस, कुणाला फोन केलास, त्या रात्री जेवलास का, काही नाही. आपल्याकडे विश्वासी माणसाने लगेच ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणायचं असतं, डोळ्यात पाणी आलं की साक्ष बिघडते, असं कुणी न सांगता आपण शिकतो. शास्त्र असं शिकवत नाही. स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं सरळ तक्रारीची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, तरी ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. बाबेलला नेलेली तीच माणसं नदीकाठी बसून रडली, वीणा झाडांना टांगून ठेवल्या, हेही १३७ व्या स्तोत्रात आहे. बागा लावण्याआधी ते रडले होते.

तू तेरावं स्तोत्र घे. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा एकच प्रश्न विचारतो, कोठवर? कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनात कुढत राहू, कोठवर शत्रू माझ्यावर वरचढ होणार. तिसऱ्या-चौथ्यात तो मागणी करतो, माझ्याकडे बघ, मला उत्तर दे. पाचव्या-सहाव्यात भरवसा आणि गाणं येतं. संध्याकाळी गच्चीवर जा आणि हे मोठ्याने वाच. मनातल्या मनात नको. ‘शत्रू’च्या जागी तुला जे सलतंय त्याचं नाव घे, कटऑफ म्हण, शेजारच्यांची नजर म्हण, स्वतःचं नाव घ्यावंसं वाटलं तर तेही घे. चौथ्या वचनाच्या पुढे जाववत नसेल तर तिथे थांब आणि खाली येऊन जेव. उद्या पुन्हा पहिल्यापासून. पाचवं वचन ओढून-ताणून तोंडात आणायचं नाही, ते येईल तेव्हा येईल. कुणाला हे अविश्वासाचं वाटेल. मला तो विश्वासाचाच भाग वाटतो. ज्याच्यावर भरवसा उरलेला नाही त्याच्याशी माणूस भांडतही नाही, उठून जातो. तू उठून गेलेला नाहीस, तू मला पत्र लिहून देवाबद्दल विचारतोयस.

आता त्या बायकांचं बोलणं, विश्वास कमी पडला म्हणून.

गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आपल्या पित्याकडे मागितलं होतं की हा प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख आणि मरण, माझ्यावरून टळो. एकदा नाही, मत्तयाच्या शुभवर्तमानात तीन वेळा गेल्याचं लिहिलंय. प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग एका परीक्षेच्या यादीवरून तुझा विश्वास मोजायचा अधिकार यांना कुणी दिला? सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठव. सात दिवस ते त्याच्याबरोबर जमिनीवर काही न बोलता बसले होते, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडलं आणि तुझ्याच पापामुळे झालं असं सांगायला लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. राज्यसेवेला अर्ज लाखांच्या घरात येतात आणि जागा शेकड्यांत असतात. न निवडले जाणारे सगळे पापी आणि अविश्वासी असते तर या राज्यात धड माणूस शोधून सापडला नसता. तू अभ्यास केलास, मुलाखतीपर्यंत गेलास, थोडक्यात राहिलास. जे झालं ते एवढंच आहे, त्याला दुसरं नाव देऊ नकोस.

या बायकांशी भांडायला मात्र जाऊ नकोस. आईला सांग, पुन्हा कुणी म्हणालं तर ‘गेथशेमानेचा अध्याय वाचा’ एवढंच म्हणायचं आणि चहा ठेवायचा.

तुला पंडिता रमाबाईंची एक गोष्ट सांगते. शाळेत त्यांच्याबद्दल एक धडा असतो, आपल्या मंडळ्यांत त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, आणि तरी त्यांच्या आयुष्यातल्या पडझडीबद्दल आपण घाईने बोलून पुढे जातो. तरुणपणीच दुष्काळाच्या काळात आई-वडील गेले. भावाबरोबर देशभर पायी फिरल्या, १८८० मध्ये तोही गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. कडेवर लेक मनोरमा, अजून वर्षाचीही नीट झालेली नाही. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, मग अमेरिकेत हिंडून पैसा उभा केला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवा-मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं. वर्षभराने ते पुण्याला आणलं. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात मोठं वादळ झालं. सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्या माणसांनी अंग काढून घेतलं, आणि पालक आपापल्या मुली घेऊन गेले. वाद कुणाचा बरोबर, कुणाचा चूक यावर लोक आजही बोलतात, मी त्यात शिरत नाही. मला दिसते ती एक बाई, जिने दहा वर्षं खपून जे उभं केलं त्यातल्या खोल्या रिकाम्या होताना ती बघतेय. वर एक घोर वेगळाच. अमेरिकेतल्या मंडळींनी मदतीचा शब्द दिला होता तो दहा वर्षांपुरता, त्याची मुदत जवळ येत होती.

या दिवसांत रमाबाईंनी काय केलं? पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली. विहीर खणली, फळझाडं लावली. हेतू एवढाच की मदत थांबली तर बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं. बस. त्या वेळी कुणी त्यांना येऊन सांगितलं नव्हतं की या जमिनीचं पुढे काय होणार आहे. मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन त्या उपाशी, अनाथ, विधवा मुली घेऊन आल्या. नेमकी तेव्हाच पुण्यात प्लेगची साथ, शहरात एवढ्या मुली ठेवायला अधिकारी परवानगी देईनात. मुलींना केडगावच्या त्या शेतावर नेलं. निराधार बायका-मुलींना आसरा देणारं मुक्ती मिशन तिथून उभं राहिलं.

ही गोष्ट मी ‘बघ, पडल्यावर शेवटी देव भरभरून देतो’ असं सांगण्यासाठी सांगत नाहीये. रमाबाईंच्या बाबतीत ते तितकं सरळ नाही. ज्या मनोरमेला कडेवर घेऊन त्यांनी सगळं सोसलं, तीही १९२१ मध्ये आईच्या आधी गेली, आणि नऊ महिन्यांच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. बायबलचं मराठी भाषांतर पुरं करायचं काम त्या मधल्या महिन्यांतही चाललेलं होतं. मला धरून ठेवते ती १८९३ नंतरची विहीर. खोल्या रिकाम्या झाल्यावर त्यांनी आधी पाणी कुठे लागतं ते पाहिलं. त्यांना तुझ्यासारखंच पुढचं काही दिसत नव्हतं, आणि त्या देवावर रागावल्या नसतील असंही मी म्हणणार नाही. पण हाताला काम लावलं.

तुझी विहीर कुठे आहे ते बघू. सहा वर्षं वाया गेली असं तू लिहितोस. माझ्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच येतं. पंचायत राज तुला तोंडपाठ आहे, जमिनीचे कायदे माहीत आहेत, माहितीचा अधिकार माहीत आहे, कुठल्या योजनेला कुठला दाखला लागतो हे तू झोपेत सांगशील. तुमच्या गावच्या मंडळीत अशा किती निराधार बायका आहेत ज्यांचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज एका कागदासाठी अडून बसलाय? किती मुलं आहेत ज्यांना शिष्यवृत्तीची मुदत टळून गेल्यावर कळतं? शनिवारी दुपारी दोन तास चर्चच्या व्हरांड्यात टेबल टाकून बस. पाळकसाहेबांना विचार, ते नाही म्हणणार नाहीत. ख्रिस्ती असो, नसो, येईल त्याचा अर्ज भरून दे. सातवं वचन म्हणतं ते नगराचं भलं याहून वेगळं काय असतं?

आणि शाळेत नववीच्या वर्गात जेव्हा भूगोल शिकवशील तेव्हा तुझ्यासारखाच एखादा पोरगा शेवटच्या बाकावर असेल, ज्याला राज्यसेवेची स्वप्नं पडतायत. त्याला पुस्तक कुठलं वाचायचं ते तू सांगशीलच. यादीत नाव नाही आलं तर काय करायचं, हेही त्याला सांगू शकेल असा त्या शाळेत एक तरी शिक्षक असेल.

पुन्हा परीक्षा द्यायची का, हे तू विचारलेलं नाहीस, पण मनात आहे. आज ठरवू नकोस. जखम ओली असताना माणूस एक तर तावातावाने फॉर्म भरतो किंवा पुस्तकं रद्दीत घालतो, दोन्हींचा पुढे पस्तावा होतो. वयाची मर्यादा अजून दूर आहे. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, म्हणजे तयारीची सगळी घडीच बदलायची. हे नोकरी सांभाळून झेपेल का, याचा विचार पहिली सहामाही संपल्यावर कर. एक अट मात्र घाल. द्यायची तर आपल्या पगारावर द्यायची, आणि शेवटचं वर्ष कुठलं ते आधी कागदावर लिहून वडिलांच्या हातात द्यायचं.

वडिलांचं काय, हा तुझ्या पत्रातला मला सगळ्यात दुखावून गेलेला भाग. तू लिहितोस, ते काहीच बोलत नाहीत. शिक्षक माणूस आहे तो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना नापास झाल्यावर समजावत आला असेल, आणि स्वतःच्या पोराशी बोलायला शब्द सापडत नसतील. तू सुरुवात कर. क्षमा मागायला बसू नकोस, हिशेबाला बस. एक वही घे. सहा वर्षांत किती गेले ते अंदाजाने लिही, तुझा पगार लिही, त्यातले दर महिन्याला किती घरात देणार ते लिही. आकडा लहान असला तरी चालेल. ‘बाबा, एवढं जमेल असं वाटतं, बघा बरं’ म्हणून वही त्यांच्यापुढे ठेव. बरेचसे बाप लेकराच्या पश्चात्तापापुढे गप्प होतात आणि हिशेबाच्या वहीपुढे बोलू लागतात. ते पैसे नको म्हणतील. तरी दे.

आईचा शुक्रवारचा उपास थांबवायला जाऊ नकोस. ती तिची देवाशी असलेली वाट आहे. फक्त तिला सांग, आई, आता पोस्टसाठी नको, मला रात्री झोप लागावी म्हणून प्रार्थना कर. तिला कळेल. कदाचित या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी खरं काय ते बोललं असं तिला वाटेल.

झोपेवरून आठवलं. पत्रात तू ओझरतं लिहिलंस की रात्री दोन-तीनपर्यंत जागा असतोस आणि ‘कधी कधी वाटतं, सगळं संपलं तर बरं’. हे वाक्य मी सोडून देणार नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून देवाला म्हणाला होता, पुरे झालं, माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, दूताकरवी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. शरीराकडे आधी बघितलं. तूही तेच कर, जेवण चुकवू नकोस, रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. पण ते विचार पुन्हा आले, किंवा आणखी गडद झाले, तर एकट्याने प्रार्थना करत बसू नकोस. त्याच क्षणी बाबांना उठव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नगरला मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं लागलं तर जा. लूक वैद्य होता आणि पौलाचा लाडका सोबती होता. औषध घेतल्याने विश्वास पातळ होत नाही.

राहिला उपासनेचा प्रश्न. या रविवारी जा असं मी म्हणणार नाही. पण फार लांबवू नकोस, कारण जितका उशीर तितका तो दरवाजा जड होतो. जाशील तेव्हा आई-बाबांबरोबर जा आणि नेहमीच्या बाकावर बस. कुणी विचारेलच, काय झालं रे निकालाचं? उत्तर आधीच तयार ठेव. ‘नाही झालं. शाळेत लागतोय. माझ्यासाठी प्रार्थना करा.’ तीन वाक्यं. चौथं जोडायचं नाही, कारण तू खुलासे करायला लागलास की समोरचा सल्ले द्यायला लागतो. गायनात तुझा आवाज होता असं लिहिलंयस. पहिले काही रविवार गायला नाही उभा राहिलास तरी चालेल, सगळे गातायत त्यात तू नुसता उभा राहा. आपलं गळ्याशी आलेलं असतं तेव्हा मंडळी आपल्यासाठी गाते.

हे सदर पाळक आणि वडीलजन वाचतात, म्हणून त्यांच्यासाठीही दोन शब्द. आपल्याकडे साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं कुणाला करतात? ज्याचं ऑपरेशन नीट झालं त्याला, ज्याला नोकरी लागली त्याला. ज्याची गोष्ट अजून मध्येच आहे, ज्याला उत्तर मिळालेलं नाही, त्याला आपण कधी माइक देतो का? एखाद्या रविवारी अशा माणसाला उभं करा. तो म्हणेल, अजून काही झालेलं नाही, तरी मी आलोय. मागच्या बाकांवर बसलेल्या कितीतरी जणांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटेल की आपल्यालाही इथे जागा आहे. आणि मंडळीत ज्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना केली, त्यांच्याकडे निकाल वाईट लागल्यावर त्याच आठवड्यात जा. उपदेश नको. डबा घेऊन जा, बसा, परत या.

मुला, शाळा १५ जूनच्या आसपास उघडेल. मुख्याध्यापिकांना या आठवड्यातच होकार कळव, कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून ठेव, नववीची दोन्ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घे. पहिल्या दिवशी मुलं तुझी परीक्षा बघतील, दंगा करतील, घाबरू नकोस. आणि दिवाळीच्या सुट्टीत मला पत्र लिही. शनिवारच्या टेबलावर कोण कोण येतं, किती अर्ज मंजूर झाले, कुठला साहेब अडवतो, सगळं सविस्तर लिही. तो साहेब अडवत असेल तर अपील कसं करायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तुझी बाई